कंदिलाचे वर्तुळ

गुवाहाटीस बदली होऊन आम्हाला आता तिसरे वर्ष लागले आहे. या गावाबद्दल आमची तक्रार एकच, आणि तीही वास्तविक गावाबद्दल नसून घड्याळाबद्दल आहे. साऱ्या देशाला घड्याळ एकच असल्यामुळे डिसेंबरात येथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो; केंद्र सरकारचे कार्यालय मात्र त्यानंतरही तासभर चालू असते. परिणामी थंडीचे दोन महिने आम्ही घरी परततो ते मिट्ट काळोखात, आणि पुढे जेवणापर्यंत जी लांबच लांब संध्याकाळ उरते तिचे काय करावे, हा प्रश्न परप्रांती पडलेल्या प्रत्येक कारकुनापुढे उभा राहतो. आमच्या वसाहतीत कोणी पत्ते कुटतो, कोणी पेटी वाजवतो, कोणी वरिष्ठांच्या कुंडल्या मांडतो. आम्ही संगणकावर खेळ रचतो.

हे वेड वयाला शोभणारे नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. त्याबद्दल आम्ही वाद घालीत नाही. 'आरपीजी मेकर' नावाचे एक जपानी साधन आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९२ साली निघाली; आमच्यापाशी आहे ती 'एमव्ही' आवृत्ती २०१५ सालची. वरून पाहिल्यासारखे सपाट जग, त्यात चालणारे एखादे पात्र, वाटेत भेटणारी माणसे आणि पार पाडावयाचे एक काम, असा या खेळांचा घाट असतो. पडद्यावर आडवे १७ आणि उभे १३ चौरस मावतात. फरशा बसवाव्यात तसे ते बसवीत गेले की घर उभे राहते, अंगण होते, झाडे लागतात. इतिहासाची पदवी घेतलेल्या आमच्यासारख्या माणसालाही आठवड्याभरात एक खेडे वसवता आले.

वसवले ते राजापूर तालुक्यातले आमचे घर. आमच्या कन्येचे वय नऊ. जन्म एका बदलीच्या गावचा, शाळा दुसऱ्या गावची, आणि मूळ घर रजा-प्रवास सवलतीच्या कृपेने दोनदाच पाहिलेले. ओटी, पडवी, माजघर, देवघर हे शब्द तिला धड्याखालच्या कठीण शब्दांसारखे वाटत. म्हणून खेळाची गोष्ट आम्ही अशी बेतली : दिवसा मुलगी घरभर, आगरभर हिंडून कोंबड्या खुराड्यात कोंडते, रात्री वीज जाते, गोठ्यातले वासरू सुटते आणि कंदील घेऊन तिला ते शोधून आणावे लागते. गोष्ट सोपी होती. अवघड निघाला तो कंदील.

या साधनात रात्र तयार मिळते. पडद्याचा तांबडा रंग ६८ने कमी, हिरवा तेवढाच कमी, निळा जसाच्या तसा आणि वर करडेपणा ६८, झाली रात्र. परंतु ही रात्र समदर्शी असते. झाड, भिंत आणि देवघरातली समई यांना ती सारखीच निळी करून टाकते, आणि समई पेटलेली असूनही विझलेली दिसते. त्यावर उपाय म्हणून आम्ही उजेडाचे एक पिवळसर चित्र काढून ते समईवर ठेवले आणि 'बेरीज' पद्धतीने खालच्या रंगांत मिसळले. रंगाचा प्रत्येक आकडा २५५पर्यंतच वाढू शकतो; तेथे पोचला की पुढे नुसता पांढरा. आमच्या समईभोवती चुना सांडल्यासारखा डाग पडला. शिवाय असे चित्र जमिनीला नव्हे, पडद्याला चिकटलेले असते, हे आम्हास ठाऊक नव्हते. मुलगी विहिरीकडे निघाली तशी समई देवघरातच राहिली आणि तिचा उजेड मात्र मुलीमागोमाग विहिरीवर आला. कन्या हसून लोळली.

पुढे कळले की या कामी बेरजेपेक्षा गुणाकार बरा. सगळ्या पडद्यावर काळी चादर घालावयाची आणि दिव्याच्या जागी तिच्यात कडा विरत गेलेले पांढरे वर्तुळ ठेवावयाचे. काळ्याने गुणले की खालचे चित्र नाहीसे होते, पांढऱ्याने गुणले की जसेच्या तसे राहते. म्हणजे येथे उजेड कोठून आणावा लागत नाही. अंधार घालताना जेवढी जागा सोडली, तेवढा उजेड. ज्योत हलावी म्हणून आम्ही वर्तुळाची त्रिज्या लहानमोठी करून पाहिली. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो. दर वेळी त्रिज्या बदलली तेव्हा कंदील बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा फडफडू लागला. बदल सावकाश केला तेव्हा कोठे तो रॉकेलचा वाटला. वर्तुळाला भिंत कळत नाही, त्यामुळे माजघरातला उजेड भिंतीतून आरपार पडवीत जाई. तेथे आम्ही हाताने सावल्या रंगवल्या.

सूर्यास्त मात्र वादग्रस्त ठरला. आम्ही तो सहाच्या पुढे ठेवला होता. "बाबा, चूक आहे. साडेचारला अंधार पडतो," असे कन्येने ठामपणे सांगितले. तिच्या अनुभवाने तेच खरे होते. कोकणात डिसेंबरातही सहापर्यंत ऊन असते, हे तिला पटवताना आम्हाला उगाचच वाईट वाटले.

त्याच डिसेंबरात अण्णा, म्हणजे आमचे वडील, महिनाभरासाठी आले. आई गेल्यापासून ते त्या घरी एकटेच असतात. खेळ त्यांनी खुर्ची अगदी जवळ ओढून पाहिला आणि म्हणाले, "अरे, तू कंदील कधी हातात धरला होतास का? त्याच्या बुडाखाली अंधार असतो. पायाशीच दिसत नाही." आम्ही वर्तुळाचा मध्य सर्वांत उजळ ठेवला होता. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करून गुण मिळवलेली. पण दिवा करताना ती आठवली नाही. मध्य थोडा मंद केला आणि कंदील एकदम खरा झाला.

मग नातीने आजोबांना खेळावयास बसवले. दिवसाच्या भागात ते वारंवार अडखळू लागले. लख्ख उजेडात कोंबडी कोपऱ्यात उभी असे आणि ती सोडून ते भलतीकडे जात. "आजोबा, ती काय, तिथे!" असे ती ओरडे, तेव्हा मान वळवून ते तिकडे पाहत. रात्रीचा भाग आला आणि त्यांनी वासरू तिच्याही आधी शोधून काढले. "आजोबा अंधारात माझ्यापेक्षा हुशार आहेत!" ती म्हणाली. आम्ही सगळेच हसलो.

हसू रात्री अंथरुणात मावळले. स्टेशनवर समोरून आलेली हमालाची ढकलगाडी त्यांना दिसली नव्हती. दोनदा चहाचा पेला कोपराने पडला होता. कोपरावर जुना काळानिळा डाग होता. भरदिवस आणि कंदिलाचे वर्तुळ यांत ज्याला फारसा फरक पडत नाही, त्याचा दिवसच वर्तुळाएवढा झालेला असला पाहिजे, हे आमच्या ध्यानी आले आणि झोप गेली.

इस्पितळात त्यांना एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी टेकून बसवले. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवावयाची, आजूबाजूस बारीक दिवे चमकतील, दिसला की कळ दाबावयाची. आम्ही बाजूस उभे होतो. कळ दाबल्याचा आवाज फार उशिराउशिराने येत होता. शेवटी यंत्रातून कागद निघाला. त्यावर दृष्टीचा नकाशा करड्या छटांत छापलेला, मधोमध उजळ आणि सभोवार काळा. असला नकाशा आम्ही महिनाभर स्वहस्ते रंगवीत होतो.

काचबिंदू. तो दुखत नाही. कडेकडेची नजर खात हळूहळू आत येतो. गेलेली नजर परत येत नाही, मात्र थेंब घालून डोळ्यातला दाब खाली ठेवला तर उरलेली राखता येते, असे डॉक्टरांनी सांगितले. परतताना आम्ही विचारले, "अण्णा, एवढे काळे दिसत होते, तर बोलला का नाहीत?"

"काळे कुठे दिसत होते?" ते म्हणाले. "काळे दिसले असते तर बोललो असतो. दिसत नव्हते, एवढेच. मला वाटले, माझेच लक्ष नाही."

यावर आम्हास बोलता येईना. खेळात आम्ही अंधार रंगवतो, म्हणून तो अंधार आहे हे खेळणाराला समजते. येथे कोणी रंगवला नव्हता. आश्रितांच्या यादीत अण्णांचे नाव आम्ही आमच्या हाताने लिहिलेले आहे. दर रविवारी आम्ही फोनवर "कसे आहात?" असे विचारीत होतो, ते "ठीक" म्हणत होते, आणि प्रकरण निकालात निघाल्याप्रमाणे आम्ही फोन ठेवीत होतो.

अण्णांना येथेच ठेवून घेण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला. "त्या घरात मला न पाहताही चालता येते, इथे पाहूनही येत नाही," असे म्हणून ते परत गेले. रात्री नऊला नात फोन करते आणि थेंब घातल्याची खात्री करून घेते. वडिलांच्या आजारपणाच्या कारणास्तव महाराष्ट्रात बदली मिळावी असा अर्ज आम्ही यथामार्ग सादर केला आहे. तो कोणत्या टेबलावर आहे, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

खेळ जवळजवळ पुरा झाला आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी अण्णांनी त्यात एक दुरुस्ती सुचवली होती. ती करावयाची म्हणजे उजेडाचे सारे हिशेब बाजूस ठेवून आवाजाचे नवे काम शिकावे लागणार होते, म्हणून आम्ही टाळत होतो. गेल्या आठवड्यात ती कन्येने बसून करवून घेतली. "वासराच्या गळ्यात घंटा बांध," असे ते म्हणाले होते. "म्हणजे न दिसणाऱ्यालाही सापडेल."