जंघात्राण

वकिलीच्या व्यवसायात आजवर नाना प्रकारचा मुद्देमाल आम्ही हाताळला आहे. कोयते पाहिले, बनावट शिक्के पाहिले, वाळवीने निम्मी खाल्लेली मृत्युपत्रे पाहिली; एका देवस्थानाच्या वादात तर चांदीची समई मांडीवर घेऊन तिच्यावरील अक्षरे भिंगातून वाचण्याचा प्रसंगही आमच्यावर आला. परंतु गेल्या श्रावणात आमच्या फोंड्याच्या घरी जी पेटी येऊन पडली, तिच्यातील ऐवज यांपैकी कशातच बसणारा नव्हता. पेटीत चिलखत होते. आणि तेही प्लॅस्टिकचे.

ते आमच्या पुतण्याने मागविले होते. वय वर्षे सोळा. दोन वर्षे साठविलेले वाढदिवसाचे पैसे, आजीकडून मिळालेली भर, आणि आमच्याकडून ‘पुस्तकांसाठी’ म्हणून घेतलेली रक्कम, असा त्या खरेदीचा जमाखर्च पुढे उघडकीस आला. चिलखत सुटे होते. ते कापून, घासून, जोडून अंगाबरोबर बसविण्याचे काम घेणाऱ्याने करावयाचे होते. मस्तक, छाती आणि हात त्याने एकट्याने पुरे केले. पायांपाशी आल्यावर मात्र तो एका रात्री आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला व म्हणाला, “काका, पाय एकट्याने होत नाहीत. एकाने घालून उभे राहायचे आणि दुसऱ्याने खुणा करायच्या, असे ते काम आहे.” आम्ही हातातील कैफियत बाजूला ठेवली.

हे चिलखत कोणाचे, हे सांगितले पाहिजे. जॉर्ज लुकस यांचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ साली पडद्यावर आला. त्यात आकाशातील एका जुलमी साम्राज्याचे शिपाई आहेत. त्यांस ‘स्टॉर्मट्रूपर’ म्हणतात. नखशिखान्त पांढरे कवच, आत काळा पोशाख, आणि चेहऱ्याच्या जागी कवटीसारखे शिरस्त्राण. एबीएस नामक प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ करावयाचा, साच्यावर पांघरावयाचा आणि खालून हवा शोषून घ्यावयाची, म्हणजे पत्रा साच्याला घट्ट बिलगतो व निवताच तो आकार धरतो. देवाच्या मूर्तीवर चांदीचे कवच चढविताना आमच्याकडील सोनार पत्रा ठोकून ठोकून बसवितो. इथे ठोकण्याचे काम हवाच करते, एवढाच फरक.

या शिपायांशी आमची ओळख चित्रपटामुळे नव्हे, कायद्यामुळे होती, हे कबूल करावयास हरकत नाही. चित्रपटातील शिरस्त्राणे लंडनमधील ट्विकनहॅम येथील अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने १९७६ साली घडविली होती. पुढे २००४ च्या सुमारास त्याने त्याच प्रकारची शिरस्त्राणे व चिलखते करून विकण्यास आरंभ केला, तेव्हा लुकस यांच्या कंपनीने त्याला न्यायालयात खेचले. प्रकरण युनायटेड किंग्डमच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व २७ जुलै २०११ रोजी त्याचा निकाल लागला. प्रश्न मोठा मौजेचा होता: हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प होय किंवा नव्हे? शिल्प ठरते, तर त्यावर दीर्घ मुदतीचा कॉपीराइट चालू राहता. न्यायमूर्तींनी सांगितले की नव्हे. कलाकृती तो चित्रपट आहे, शिरस्त्राण हे ती घडविण्यात वापरलेले साधन आहे. अमेरिकेतील कॉपीराइटच्या भंगाचा दावा इंग्लंडच्या न्यायालयात चालू शकतो, हा मुद्दा मात्र कारागिराच्या विरुद्ध गेला.

हा निकाल आम्ही पूर्वी वाचला तेव्हा आमच्या दशावतारातील गणपतीचा मुखवटा आमच्या डोळ्यांपुढे आला होता. पेटीत असतो तेव्हा तो एक रंगविलेली वस्तू. आरती सुरू झाली की तोच देव. वस्तूचे मोल तिच्या घडणीत किती आणि ती कोणी, कशासाठी अंगावर चढविली यात किती, हा वाद इंग्लंडातील न्यायमूर्तींपुढे जसा आला तसा आपल्या देवळांच्या मंडपातही दर जत्रेला येतच असतो. तेथे त्याला वकील लागत नाही, इतकेच.

आता पायांविषयी. मस्तकाच्या कवचाला शिरस्त्राण म्हणतात हे सर्वांस ठाऊक आहे, आणि पादत्राण तर आपण रोज दाराशी काढून ठेवतो. या दोहोंच्या मधल्या प्रदेशासाठी संस्कृतात ‘जंघात्राण’ असा शब्द आहे. मराठीत जांघ वर सरकली. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालची पोटरी. शब्ददेखील कधी कधी मापाला चुकतात, ते असे.

दोन पायांचे मिळून आठ मोठे तुकडे होते: प्रत्येक मांडीचे पुढचे व मागचे, प्रत्येक नडगीचे पुढचे व मागचे. प्रथम ते कागदी चिकटपट्टीने पायावर तात्पुरते बांधावयाचे, मग पेन्सिलीने खूण करावयाची. सुरीने त्या खुणेवर दोन-चार वेळा हलकी रेघ ओढून पत्रा वाकविला की तो रेघेवर स्वच्छ मोडतो. वळणाच्या जागी बाकदार कात्री. कडा पॉलिश-पेपरने घासावयाच्या, नाहीतर गुडघ्यामागचे कातडे चिमटीत सापडते. या सर्व कामाचा मुख्य नियम पुतण्याने आम्हांस पहिल्याच रात्री घालून दिला: कमी कापा; आणखी कापता येते, कापलेले परत लावता येत नाही. उलटतपासणीच्या बाबतीत नेमका हाच नियम आमच्या गुरुजींनी वीस वर्षांपूर्वी आम्हांस शिकविला होता. एक प्रश्न जास्त विचारला की हातातला साक्षीदार गेलाच म्हणून समजावे.

दोन अर्धे तुकडे एकमेकांवर चढवावयाचे नसतात. कडेला कड भिडवून वर पांढरी पट्टी डकवावयाची असते. पुढच्या सांध्यास २० मिलिमीटर रुंदीची, मागच्यास २५. डिंक रबरासारखा चिवट. तो पुरा धरीपर्यंत आम्ही सांध्यांवर लोहचुंबक आणि कपड्यांचे चिमटे लावून ठेवीत असू. मातोश्रींच्या वाळत घातलेल्या लुगड्यांनी त्या आठवड्यात चिमट्यांवाचून दिवस काढले. नडगीचा पुढचा सांधा कायमचा डकवतात; मागचा उघडा ठेवून त्यास वेल्क्रो लावतात, नाहीतर पाऊल आत शिरणार कसे? उजवी-डावी नडगी ओळखणे हेही सोपे नाही. पोटरीचा फुगवटा आतल्या बाजूस अधिक खाली उतरतो व बाहेरच्या बाजूस वर राहतो, हे स्वतःच्या पायाकडे चाळीस वर्षे पाहूनही आम्हांस ठाऊक नव्हते.

आणि येथेच आमचा हात अडखळला.

पुतण्या जन्मला तेव्हा त्याचे डावे पाऊल आत वळलेले होते. आयोवातील डॉक्टर इग्नासिओ पोन्सेती यांनी रूढ केलेल्या पद्धतीने उपचार झाले. दर आठवड्यास पाऊल थोडे थोडे सरळ करून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालावयाचे, ते काढून पुन्हा नवे घालावयाचे. आमचे बंधू नोकरीनिमित्त परगावी असत. म्हणून बहुतेक आठवड्यांत वहिनींबरोबर आम्ही जात असू, आणि तो इवला पाय डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे धरून ठेवण्याचे काम आमच्याकडे असे. पुढे टाचेवरील शिरेस एक लहानसा छेद, आणि मग चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना दांडीला जोडलेले बूट. पाऊल उत्तम सुधारले. तो धावतो, पोहतो, डोंगर चढतो. परंतु अशा पायाची पोटरी दुसरीच्या मानाने बारीक राहते, तशी त्याचीही राहिली.

त्या पोटरीविषयी आमच्या घरात कोणी कधी काही बोलले नाही. आम्ही त्याला सौजन्य समजत होतो. त्याला लांब विजारी शिवल्या गेल्या. सोवळे नेसण्याचा प्रसंग आला की काही ना काही निमित्त निघाले. तो दहा वर्षांचा असता जत्रेच्या नाटकात कुशाच्या भूमिकेसाठी दिग्दर्शकांनी त्याची निवड केली. कुशाचे धोतर गुडघ्यापर्यंत, पाय उघडे, आणि मंडपात सारा गाव बसलेला. आम्ही दिग्दर्शकांस निरोप धाडला की मुलाची परीक्षा जवळ आली आहे. भूमिका दुसऱ्या मुलाकडे गेली. तो मुलगा दुसऱ्या अंकात भाषण विसरला, तेव्हा आमच्याशेजारी बसलेला पुतण्या ते ओठांतल्या ओठांत पुरे करीत होता. ते आम्ही पाहिले, आणि न पाहिल्यासारखे केले.

आता डाव्या नडगीचे कवच हातात घेऊन आम्ही विचारात पडलो. बारीक पोटरीबरोबर ते कापले, तर दोन पाय दोन मापांचे दिसतील. न कापता ठेवले, तर चालताना ते पायाभोवती फिरेल. आत काही भरावे लागणार हे उघड होते. पण तो शब्द तोंडातून काढावा कसा? आम्ही म्हणालो, “दोन्ही बाजूंना साधारण सारखेच ठेवू. साच्यातच काही फरक असावा.”

तो उठला, मातोश्रींच्या शिवणाच्या डब्यातून मापाची पट्टी घेऊन आला, आणि दिव्याखाली बसून त्याने दोन्ही पोटऱ्या मापल्या. “उजवी चौतीस सेंटिमीटर. डावी तीस. साच्यात काही फरक नाही, काका. कवच दोन्हीकडे चौतिसाचेच कापू आणि डाव्यात आतून फोम लावू.” ते आकडे त्याने आमच्याच टिपणवहीत लिहिले. मग क्षणभर थांबून, पेन्सिल न ठेवता, तो म्हणाला, “आणि चौथीत जत्रेच्या वेळी माझी कसलीच परीक्षा नव्हती.”

न्यायालयात प्रतिपक्षाने अनपेक्षित कागद पुढे केला तर काय करावे, हे आम्हांस येते. मुदत मागावी. त्या रात्री मागण्यासाठी मुदत नव्हती. आम्ही सांगितले, “नव्हती. आम्ही खोटे बोललो.” तो म्हणाला, “मला तेव्हाच कळले होते. मला वाटले, तुम्हांला लाज वाटते.” आम्ही म्हणणार होतो की लाज नव्हे, काळजी. परंतु वीस वर्षे दुसऱ्यांच्या साक्षी तपासल्यावर स्वतःची साक्ष ओळखण्याइतकी अक्कल माणसास आलीच पाहिजे. लाजही होती. ती त्याच्या पायाची नव्हती. लोक काय म्हणतील याची होती. पण सहा वर्षे ती त्याच्या पायाच्या नावावर जमा होत राहिली. हे आम्ही त्याला सांगितले. त्याने मान हलविली आणि फोम मागितला.

फोम कापता कापता त्याने आम्हांस एक हकीकत सांगितली. हे चिलखत घालणाऱ्या हौशी मंडळींची ‘५०१ वी लीजन’ म्हणून एक मोठी संस्था आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलिनाच्या अल्बिन जॉन्सन यांनी ती १९९७ साली सुरू केली. मोटार-अपघातानंतर त्यांचा एक पाय कापावा लागला होता. आम्ही म्हणालो, “म्हणजे पाय झाकण्यासाठी त्यांनी चिलखत घेतले?” तो म्हणाला, “झाकण्यासाठी असते तर त्यांनी सगळ्यांना सांगितले असते का?” मग त्याने पेटीतून एक लहान ताट उचलले. ते गुडघ्यावर बसते, पण फक्त डाव्या. उजव्या गुडघ्यास ते नसते. उलट उजव्या मांडीच्या खालच्या कडेला एक पट्टा असतो, तो डाव्या मांडीस नाही. “मूळच्या पोशाखातच दोन पाय सारखे नाहीत, काका.” आणि ते ताट त्याने तीस सेंटिमीटरच्या पायावर बसविले.

पाय पुरे झाले ती रात्र नारळी पौर्णिमेनंतरची. मांडीची कवचे कमरपट्ट्याला बंदांनी टांगली, नडग्या पांढऱ्या बुटांवर टेकविल्या आणि तो अंगणात उतरला. कवचांच्या टकटकीने शेजारचे कुत्रे भुंकू लागले. या पोशाखात बसता येत नाही, ही त्याची मोठी अडचण. त्यामुळे तिन्हीसांजेची रामरक्षा चालली असता तो बलकावाच्या खांबाशी उभाच राहिला. रामरक्षेत मस्तकापासून पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या स्वाधीन केलेला आहे; त्यात गुडघे सुटलेले नाहीत आणि पोटऱ्याही सुटलेल्या नाहीत. आम्ही लहानपणापासून ती म्हणत आलो. परंतु ते रक्षण सरळ पोटरीचे आणि वाकडीचे निराळे, असे तिच्यात कोठेही म्हटलेले नाही, हे त्या संध्याकाळी प्रथमच आमच्या ध्यानात आले. स्तोत्र संपल्यावर मातोश्रींनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, “यात जेवतोस कसा रे?” तो आतून मोठ्याने हसला.

बंगळूरच्या मेळाव्यास तो जाऊन आला. पोशाख आता माळ्यावर, नाटकाच्या जुन्या ट्रंकेशेजारी ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात देवस्थानातून निरोप आला. यंदाच्या जत्रेच्या नाटकात एका भूमिकेसाठी पुतण्याला घ्यावे असे दिग्दर्शकांच्या मनात आहे. भूमिका धोतराची आहे. आपले काय मत, असे त्यांनी आम्हांस विचारले. सहा वर्षांपूर्वीप्रमाणे निरोप आमच्याच हाती आला. आम्ही तो तसाच त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. उत्तर त्याचे त्याने द्यावयाचे आहे.