फिरणं आणि सरकणं

जानेवारीत नाशिक रोडला पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. घरातलं खोबरेल दगड होतं, प्रयोगशाळेतलं शुद्ध ग्लिसरीन मात्र वाहतं राहतं. खरं तर १८ अंशांखाली त्याने गोठायला हवं. ते नुसतं घट्ट होत जातं आणि उणे ८० च्या पलीकडे नेलं तर स्फटिक न होताच त्याची काच होते. स्फटिक व्हायचं तर रेणूला आपली जागा गाठावी लागते, शिवाय ठरल्या दिशेला तोंडही करावं लागतं. ग्लिसरीनच्या तीन हायड्रॉक्सिल गटांचे शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध जुळलेले असतात. वळायचं तर ते तोडून पुन्हा जोडायचे, आणि थंडीत ते जमत नाही.

रसायनशास्त्र शिकवणारे आम्ही लोक फळ्यावर रेणू गोल काढतो. सोपं पडतं, पण गोलाला तोंड नसतं.

कापराचं वेगळंच. त्याच्या स्फटिकात जागा पक्क्या, दिशा मोकळ्या. रेणू जागच्या जागी फिरत असतात. म्हणून तो मऊ आणि चिवट. खलात नुसता घोटला तर बत्त्याला चिकटतो, स्पिरिटचे दोन-चार थेंब टाकले की भुकटी होते. औषधं कुटणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक आहे. रेणू आधीच फिरत असल्याने कापूर वितळायला उष्णता कमी लागते. त्यामुळे किलोभर कापरात एक मोल पदार्थ मिसळला तर द्रवणांक चाळीसेक अंशांनी उतरतो. बेंझीनचा जेमतेम पाच. रास्टची रेणुभार काढायची पद्धत यावरच उभी होती, साध्या थर्मामीटरवर काम भागायचं.

खरी गंमत अतिशीत द्रवाची, म्हणजे ग्लिसरीनसारख्या गोठणबिंदूखालीही न गोठलेल्या द्रवाची. पंचवटी एक्स्प्रेसच्या गर्दीत पुढे सरकता येत नाही, जागच्या जागी वळता तरी येतं. रेणूंचंही तसंच असेल असं वाटतं ना? विस्कॉन्सिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्क एडिगर यांनी १९९० च्या दशकात ऑर्थो-टरफिनाइल या अशाच सेंद्रिय द्रवात मोजलं, तर उलटंच निघालं. काच होण्याच्या बेतात वळणं चिकटपणाच्या हिशेबाने मंदावतं. सरकणं त्या हिशेबापेक्षा शंभरेक पट जास्त उरतं. द्रव सगळीकडे सारखा नसतो, हे त्यावरचं स्पष्टीकरण मला पटतं. कुठे हालचाल जलद, कुठे ठप्प. सरकण्याच्या सरासरीत जलद भाग वरचढ ठरतात, वळण्याच्या सरासरीत मंद.

रेणूच्या दिशेची ही गोष्ट केवळ फळ्यापुरती नाही. मोबाइलच्या ओएलईडी पडद्यात सेंद्रिय रेणूंचे काचरूप थर असतात. प्रकाश देणारे रेणू त्यात आडवे बसले तर प्रकाश अधिक बाहेर पडतो. ते आडवे बसतील की उभे, हे बऱ्याच अंशी ज्या पृष्ठभागावर रेणूंची वाफ बसवतात त्याच्या तापमानावर ठरतं.