उतारा आणि उतारू

आमच्या घरमालकांच्या नातीची इंग्रजी शब्दांची वही दोन रकान्यांची आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, आणि मधून शिसपेन्सिलीने पट्टी धरून ओढलेली रेघ, दोन शेतांमधल्या बांधासारखी सरळ. बारावी उत्तीर्ण झाल्यापासून ती रोज वीस शब्द पाठ करते. घरापासून हाकेच्या अंतरावर झालेल्या विमानतळावर नोकरी मिळवावी आणि मुलाखतीत इंग्रजी अडखळू नये, एवढी तिची आकांक्षा. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास ती वही घेऊन गच्चीवर येते, आणि ज्याचा उभा जन्म सरकारी दफ्तरात परिपत्रकांची भाषांतरे करण्यात गेला असा मी, तिचा भाडेकरू, तिचे शब्द ऐकतो.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तिने लिहिलेल्या निबंधात ‘स्ट्राँग रेन’ असे शब्द मला आढळले. मी थांबलो. तिने वही उलटून दाखवली : आदल्याच दिवशी आम्ही कडक चहाला ‘स्ट्राँग टी’ म्हणतात हे पाहिले होते, ‘स्ट्राँग’ म्हणजे जोरकस हेही रकान्यात नोंदले होते, आणि पाऊस तर त्या घटकेला पत्र्यावर ताशा वाजावा तसा जोरकस कोसळत होता. तिच्या तर्कात तिळमात्र उणीव नव्हती. व्याकरणही बिनचूक होते. तरीही इंग्रज मनुष्य पावसाला ‘हेवी’च म्हणेल, म्हणजे वजनदार म्हणेल, आणि चहाला मात्र वजन देणार नाही. “असं का, काका?” तिने विचारले. उत्तराऐवजी मी तिलाच विचारले, “थंडी काय करते?” ती पटकन म्हणाली, “वाजते.” “आणि भूक?” “लागते.” “स्वप्न?” “पडतं.” “शंका?” “येते.” थंडी ही काही ढोलकी नव्हे, स्वप्न हे काही झाडावरचे फळ नव्हे, आणि तरीही ‘भूक वाजली’ किंवा ‘शंका पडली’ असे तिच्या तोंडून जन्मात निघाले नसते. हे तिला कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेत, कोणी शिकवले? शब्द तिच्याकडे एकटे आलेच नव्हते. आईच्या कडेवर असल्यापासून ते जोडीने, सोयरीक जुळलेल्या अवस्थेतच तिच्या कानी पडत आले होते.

मग आम्ही ‘कडक’ हा एकच शब्द घेऊन बसलो. चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, कॉलरची इस्त्री कडक, बँकेतून आलेली कोरी नोटही कडक. मराठीत हा एकच पाहुणा पाच घरी सारख्याच हक्काने जेवतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक घराचा जावई निराळा : चहा ‘स्ट्राँग’, ऊन ‘हार्श’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, कॉलर ‘स्टिफ’, नोट ‘क्रिस्प’. कडाक्याच्या थंडीला तर ते ‘बिटर’, म्हणजे कडू, म्हणतात, हे ऐकून तिने मान वर केली आणि क्षणभर जीभ टाळूला लावून त्या थंडीची चव पाहिल्यासारखे केले. त्या संध्याकाळी तिने पानावर दुसरी रेघ ओढली. तिसऱ्या रकान्याला काय नाव द्यावे याचा पुष्कळ खल झाला. अखेरीस तिने स्वतःच लिहिले, ‘सोबती’.

शब्दांच्या या सोयरिकीला इंग्रजीत ‘कोलोकेशन’ अशी संज्ञा आहे, आणि ज्यांनी तिचा आरंभी पद्धतशीर विचार केला त्यांतले अनेक विद्वान इंग्लंडबाहेर, परभाषकांच्या सहवासात ही दृष्टी कमावून बसले होते, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. हॅरोल्ड पामर १९२२ साली जपानात गेले, आणि इंग्रजीतील शब्दसंयोगांची त्यांची मोठी यादी १९३३ मध्ये टोकियोत निघाली. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी परकीय विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश १९४२ मध्ये, ऐन युद्धाच्या धामधुमीत, त्याच टोकियोत छापला गेला, आणि पुढे ऑक्सफर्डच्या नावाने आपल्या शाळांच्या कपाटांत येऊन बसला. कोणते दोन हजार शब्द आधी शिकवावेत याचा ध्यास घेणारे मायकेल वेस्ट यांची उमेदीची वर्षे ढाक्यात गेली. ‘कोलोकेशन’ला भाषाशास्त्रात मानाचे आसन देणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ज्याला जन्मतः भाषा मिळते त्याला तिच्यातल्या सोयरिकी दिसत नाहीत. त्या दिसतात दारात उभ्या असलेल्या परक्याला, कारण आत पाऊल टाकताना त्यालाच ठेच लागते.

आणि असा एक परका आपल्या मराठीच्या दारातही फार पूर्वी उभा राहिला होता. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ साली. नोकरीच्या काळात हा जाडजूड ग्रंथ माझ्या टेबलावर असे. त्यात नामाचा अर्थ देऊन मोल्सवर्थ थांबत नाही. हे नाम कोणत्या क्रियापदाबरोबर नांदते, कर, घाल, लाग, ये यांपैकी कोणाशी त्याचे जुळते, हे तो जागोजाग नमूद करतो. पामरांच्या टोकियोतील यादीच्या पाऊणशे वर्षे आधी, महाराष्ट्रातल्या शास्त्रीपंडितांना पदोपदी पुसून, एका परदेशी माणसाने मराठी शब्दांच्या सोयरिकींचे असे दफ्तर बांधून ठेवले, आणि आपण मात्र आपल्या मुलांना इंग्रजी शिकवताना शब्द आणि अर्थ यांचे दोनच रकाने आखत राहिलो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गापासून शिकवले जाते. पण मुलांच्या वह्यांवर मधली रेघ आजही एकच असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शब्द बदलता येतो, त्याचे गोत सहज बदलत नाही, याचा अनुभव आपल्या भाषेने अनेकदा घेतला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. सावरकरांच्या भाषाशुद्धीने ‘तारीख’ काढून ‘दिनांक’ दिला, आणि तो अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात स्थिरही झाला. परंतु पनवेलच्या न्यायालयाच्या आवारात उभे राहून पाहा : पक्षकाराला ‘तारीख पडते’, वकील ‘तारीख मागतो’, तारखेवर तारीख लोटत जाते, ‘दिनांक पडला’ असे कोणी म्हणत नाही. ‘दिनांक’ एकटाच आला. ‘तारीख’ आपल्या क्रियापदांसह, मुलाबाळांसह राहत होती, तिला घर सोडवले नाही.

घर सोडणे, हा शब्द आमच्या उलव्यात जपून वापरावा लागतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. नव्या शहरासाठी जी पंच्याण्णव गावे अधिसूचित झाली त्यांत, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली, ही खाडीकाठची गावेही आली. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात भूमिपुत्रांवर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. माझ्या डोक्यावरचे छप्पर अशाच एका साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभे आहे. पुढे विमानतळासाठी सुमारे ११६० हेक्टर क्षेत्र मुक्रर झाले, दहा गावठाणे हलली, उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, नदीचे पात्र वळवले. या मुलीच्या वहीत ‘प्लेस’ खाली ‘डिस्प्लेस’, त्याखाली ‘रिप्लेस’, त्याखाली ‘प्लेसमेंट’ असे शब्द उतरंडीसारखे रचलेले मी पाहिले. पुढे एक उपसर्ग जोडला की स्थानावरचा मनुष्य विस्थापित होतो आणि मागे एक प्रत्यय जोडला की त्याच्या नातीला नोकरी लागते. तिने ते केवळ शब्दसिद्धीचे उदाहरण म्हणून लिहिले होते, आणि मीही त्यावर अधिक बोललो नाही.

एका रविवारी तिची आजी गच्चीवर आली. पापड वाळत घातले होते ते काढायला म्हणून आली, आणि कठड्यापाशी बसली. त्या दिवशी आमच्यापुढे ‘अनसीन पॅसेज’ होता, म्हणजे अपठित उतारा. ‘उतारा’ हा शब्द कानी पडताच आजी म्हणाली, “मास्तर, आमचा जुना उतारा अजून ट्रंकेत हाय.” तिचा उतारा सातबाराचा. नातीने हसून सांगितले, “आजी, तो वेगळा, हा पॅसेज.” पण मला ते वेगळेपण इतके सरळ वाटेना. सातबाराचा उतारा इंग्रजीत ‘एक्स्ट्रॅक्ट’, पाठ्यपुस्तकातला ‘पॅसेज’, विषावरचा ‘अँटिडोट’. दृष्टीवरून टाकलेल्या उताऱ्याला तर नेमका शब्दच नाही. आणि सारे आले एका ‘उतरणे’पासून, जसे ताप उतरतो, चेहरा उतरतो, नशा उतरते. नदीत पायी पार होता येते ती जागा ‘उतार’. आणि होडीने पलीकडे जाणारा, तो ‘उतारू’. खाडीकाठी हा शब्द किती तरी पिढ्या तरीवर बसून इकडून तिकडे गेला असेल.

मग मी तिला इंग्रजीतली जोडी दाखवली. ‘पास’ म्हणजे ओलांडणे. त्यापासून ‘पॅसेज’, आणि त्यापासूनच ‘पॅसेंजर’. जुन्या काळी तो ‘पॅसेजर’ होता. ‘मेसेज’पासून झालेल्या ‘मेसेंजर’मध्ये जसा एक नकार मध्येच येऊन बसला, तसाच इथेही बसला. उतारा आणि उतारू, पॅसेज आणि पॅसेंजर : दोन भाषांनी, एकमेकींना न पुसता, पार होण्याच्या एकाच कल्पनेतून वाचण्याचा मजकूर आणि प्रवास करणारा मनुष्य, दोन्ही घडवले. मुलगी कितीतरी वेळ त्या चार शब्दांकडे पाहत राहिली. ते पाठ करावे लागले नाहीत.

त्याच वेळी एक विमान खाली येत होते. २०२५ च्या नाताळच्या दिवशी इथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली, तेव्हापासून आमच्या संध्याकाळींना हा नवा घोष लाभला आहे. “लँड होतंय,” मुलगी म्हणाली, आणि मग स्वतःच थबकली. डावीकडच्या रकान्यात ‘लँड’ पुढे तिने फार पूर्वी ‘जमीन’ लिहिले होते. इंग्रजीत तोच शब्द, एक अक्षरही न बदलता, नामाचे क्रियापद होतो; जी ‘लँड’ संपादित झाली तिच्यावरच विमान ‘लँड’ होते. तिने तिसऱ्या रकान्यात जमिनीचे सोबती लिहायला घेतले. ‘अक्वायर’, ‘अलॉट’, ‘ट्रान्सफर’, ‘डेव्हलप’ हे तिला ठाऊक होते. घरात येणाऱ्या कागदांवर तेच असतात.

“आजी, जमिनीचं काय काय करतात गं?” तिने विचारले.

आजीने पापडाची चळत बाजूला ठेवली. जमीन कसतात, ती म्हणाली. खंडाने देतात. पड टाकतात. गहाण ठेवतात, सोडवतात. आपली तर खाजणाची जमीन. तिला आधी बांध घालावा लागतो, उघाडी बसवावी लागते, भरतीचे पाणी अडवावे लागते, मग पावसाच्या गोड पाण्याने दोनचार वर्षे खार धुऊन निघतो, तेव्हा भात लागते. मुलगी भराभर लिहीत होती, आणि मी प्रत्येकाला इंग्रजी सोबती शोधत होतो : कसणे म्हणजे ‘टिल’, पड टाकणे म्हणजे ‘लीव्ह फॅलो’, खंडाने देणे म्हणजे ‘लीज आउट’. बांधाला तर आपल्याकडच्या इंग्रजीत ‘बंड’च म्हणतात, तो शब्द फारसी ‘बंद’पासून त्यांच्याकडे गेला. उघाडीला ‘स्लूस’. एकेका मराठी क्रियापदासरशी त्या पानावर एकेक शेत उगवत होते, जे या मुलीने कधी पाहिले नव्हते, आणि ज्याच्या जागी आज सेक्टर आणि सिग्नल आहेत.

“आणि उधाणाला बांध फुटला की?” मी विचारले. “इंग्रजीत त्याला ‘ब्रीच’ म्हणतात.”

“फुटला नाय म्हनत,” आजी म्हणाली. “खांड.”

मुलीने लिहिले : बांधाला खांड. मग पेन्सिल उचलून धरली. “खांड काय, आजी? पडते?”

“पडत नाय गो,” आजीने तिच्या हाताला धरून, जणू त्या हातात पेन्सिल नसून फावडेच होते अशा निकराने, तिला थांबवले. “खांड जाते.”

मुलीने ‘पडते’ खोडले, आणि ‘जाते’ लिहिले.