मधल्या सुट्टीतला ओटीपी

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे वैशालीला, म्हणजे गाझियाबादेत, राहायला आली. फॅमिली पेन्शनचं खातं मात्र साताऱ्यातच राहिलं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर दादाच्या नावावरचा. इथे आल्यावर ते सिम बंद पडलं. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, ‘महाराष्ट्र का नंबर है, सिम वहीं से निकलेगी.’ दादाने तिकडे नवं सिम काढलं, तर पहिले 24 तास एसएमएसच बंद. डुप्लिकेट सिम काढून कुणी परस्पर खातं साफ करू नये म्हणून सरकारनेच तसा नियम केलाय. नियम चांगलाय. आईचं औषधांचं बिल त्या दिवशी मी भरलं.

नवं सिम कुरियरने पाठवायचा धीर कुणालाच झाला नाही, म्हणून ते दादाच्या मोबाइलमध्येच राहिलं. आता पासवर्ड टाकायचा वैशालीत आणि सहा आकडे उतरायचे साताऱ्यात. दादा हायस्कुलात शिकवतो, तासाला मोबाइल कपाटात. त्यामुळे आमचं नेटबँकिंग मधल्या सुट्टीत चालतं.

मध्यंतरी त्याला फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर गुन्हेगारांपासून सावध करायचे. 2025 च्या जूनमध्ये ती ट्यून बंद झाली. मग दादा मुलांच्या कालव्यात ओरडून सांगायचा, ‘अडुसष्ट, एकोणनव्वद, सत्तेचाळीस.’ कीबोर्डवर माझी मुलगी. तिचं शिक्षण इथलं, मराठी आकडे विसापर्यंत पक्के. ‘मामा, एकोणनव्वद म्हणजे?’ आई पलंगावरून ‘आठ नऊ गं!’ म्हणेपर्यंत वेळ संपायची. पुन्हा नवा ओटीपी. तोवर दादाची घंटा. शिवाय प्रत्येक मेसेजखाली ‘हा कोणालाही सांगू नका’ हे असतंच.

ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरा पुरावा हवाच, हे रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून सक्तीचं केलं. कार्डावरचे आकडे कुणीही टिपून घेऊ शकतं, तेव्हा दुसरं कुलूप हवं हे मलाही पटतं. पण त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात असते, हे कुणी गृहीत धरलं? आईच्या वयाच्या कितीतरी बायकांचा नंबर कधी त्यांचा नव्हताच. तो नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. सप्टेंबर 2025 च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने एसएमएसखेरीज इतर मार्गांनाही वाव दिला, 1 एप्रिल 2026 पासून लागू. पण ते मार्गही बहुतेक स्मार्टफोनवरच चालतात. आईकडे बटणांचा फोन आहे आणि तिला तोच हवाय.

आधारला इथला नंबर जोडायला तिला केंद्रावर नेलं. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे मशिनला उमटेनात. दोनदा हात पुसून, क्रीम लावून झालं. शेवटी डोळ्यांवर काम भागलं. ‘मोतीबिंदू काढलाय, चालेल ना?’ असं ती त्या मुलाला मराठीतच विचारत होती, आणि तो बिचारा ‘हां अम्माजी’ म्हणत होता.

बँक मात्र नंबर बदलायला मूळ शाखेत समक्ष या म्हणते. आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून तूर्त साताऱ्याचाच नंबर चालू आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा आमची बँकेची कामं सकाळी दहालाच उरकतात.