तळघरातील गाणे आणि बोलका श्रोता

म्हैसूरमधील तळघरातल्या मद्यगृहात, म्हणजे रस्त्याच्या पातळीखालच्या ज्या दालनात मंद उजेडात बिअर आणि खाणे मिळते व कोपऱ्यातील वीतभर उंच मंचावर दोघे-तिघे कलाकार प्रत्यक्ष गातात-वाजवतात अशा ठिकाणी, मराठी श्रोत्याला सर्वप्रथम खटकते ते तेथील अखंड बोलणे. गिटार आणि काहोन, म्हणजे वादक ज्यावर बसतो आणि ज्यावरच थापा मारतो असे लाकडी खोके, एवढ्याच साथीवर गायक संगीतकार इळैयराजांची एखादी चाल जीव ओतून गात असतो आणि त्याच वेळी समोरच्या टेबलांवर पगारवाढ, घरभाडे व क्रिकेट यांची चर्चा रंगलेली असते. गाणे संपताच मात्र ज्यांनी ते ऐकलेले नसते तेच सर्वांत जोरात टाळ्या वाजवतात.

या नाराजीचे मूळ म्हैसूरपेक्षा मराठी रंगभूमीत अधिक आहे. आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, नाट्यपदांमध्ये कानडी चालींनाही जागा दिली, आणि त्यानंतरच्या संगीत नाटकांनी मराठी प्रेक्षकाला ‘वन्समोर’ हा हक्क दिला. आवडलेले पद पुन्हा म्हणवून घेण्यासाठी कथानक थांबवण्याचा, प्रसंगी मरणासन्न पात्रालाही उठून गायला लावण्याचा हा हक्क वरवर पाहता उद्धट वाटतो, परंतु ज्याने पद कान देऊन ऐकले आहे त्यालाच तो बजावता येतो. तळघरातही फर्माईश होते, कागदी रुमालावर गाण्याचे नाव लिहून ते वेटरकरवी मंचाकडे पाठवले जाते, मात्र गाणे सुरू होईपर्यंत चिठ्ठी पाठवणारा आपल्या गप्पांत परतलेला असतो. वन्समोर मागणाऱ्याला एखादी विशिष्ट तान पुन्हा हवी असे, तर चिठ्ठीवाल्याला आपली चिठ्ठी पोचल्याची पावती तेवढी हवी असते. नाट्यगृहाचे तिकीट पदांसाठी काढले जाई आणि तळघरातील बिल जेवणाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही तुलना काहीशी अन्यायाची ठरते; तरीही ती मराठी मनातून जात नाही.

ऐकण्याची रीत या शहराला ठाऊक नाही, असे म्हणण्यास तर कोणताच आधार नाही. वीणा शेषण्णा आणि वासुदेवाचार्य या संगीतकारांचे हे दरबारी शहर आहे. ज्यांच्याकडे भास्करबुवा बखले शिकले ते आग्रा घराण्याचे नत्थन खाँ येथे दरबारी गायक होते. ध्वनिमुद्रिकांच्या आरंभकाळात नावारूपाला आलेल्या गायिका गौहर जान राजाश्रयाने येथे आल्या आणि १९३० साली येथेच निवर्तल्या. पाश्चात्त्य संगीतही म्हैसूरला मद्यगृहांनी आणलेले नाही. राजवाड्याचे स्वतःचे वाद्यवृंद होते, आणि स्वतः पियानोवादक असलेले व कर्नाटक संगीतात कृती रचणारे महाराज जयचामराज वडियार यांच्या आर्थिक हमीमुळे रिचर्ड स्ट्राउसच्या अखेरच्या चार गीतांचा पहिला प्रयोग २२ मे १९५० रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये होऊ शकला. आजही गणेशोत्सवात व्ही. व्ही. मोहल्ल्यातील आठव्या क्रॉसवरच्या मांडवात, वाहत्या शहराच्या मधोमध, श्रोते मांडीवर ताल धरून कर्नाटक संगीताच्या मैफली ऐकतात. तेव्हा बडबडीचा दोष श्रोत्यापेक्षा जागेच्या रचनेकडे अधिक जातो.

एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली नोंदवले की, भोवती आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचाही आवाज चढवतो. त्याच्या नावावरून याला ‘लोंबार्ड परिणाम’ म्हणतात. तळघराचे छत बुटके असते, फरशी व भिंती कठीण असतात, त्यामुळे ध्वनी शोषला न जाता पुन्हा पुन्हा परावर्तित होतो. एक टेबल दुसऱ्यामुळे मोठ्याने बोलते, दोघांमुळे ध्वनिवर्धक वाढवला जातो आणि त्यामुळे पुन्हा दोन्ही टेबले. म्हणून ज्याला गाणे ऐकायचे आहे त्याने भिंतीलगतची व कोपऱ्यातील टेबले टाळावीत, कारण तेथे काहोनचा खर्ज साचून शब्द बुडतात. मंचासमोर, परंतु ध्वनिवर्धकाच्या थेट रेषेबाहेर बसावे. शनिवारऐवजी आठवड्याच्या मधला वार निवडावा आणि पहिल्या सत्रालाच पोचावे, कारण तोवर टेबले पुरती भरलेली नसतात व गायकाचा गळाही ताजा असतो. तळघराची एक सोयही आहे. गच्चीवरील गाणे रात्री दहाला थांबवावे लागते, ते ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांमुळे; रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील ध्वनिवर्धक व वाद्यांवरील बंदीतून हे नियम बंदिस्त जागा वगळतात, आणि तळघराला तर चहूबाजूंनी मातीचेच आवरण असल्याने शेजाऱ्यांची झोपही सहसा मोडत नाही. परवान्यातील वेळेचे बंधन अर्थातच वेगळे राहते.

एक पडदा, दोन गालिचे आणि छताला थोडे ध्वनिशोषक आच्छादन एवढ्यानेही यातील बराच गोंगाट कमी होऊ शकतो, पण सजावटीच्या दिव्यांवर सढळ हाताने खर्च करणारे मालक याबाबतीत उदासीन दिसतात. या उदासीनतेची किंमत अखेर गायक आपल्या गळ्याने मोजतो. बिलात लावलेले सेवा शुल्क ऐच्छिक असते, ते गायकापर्यंत पोचतेच असेही नाही. म्हणून म्हैसूरला येणाऱ्या मराठी रसिकाने बक्षिसी थेट मंचावर जाऊन गायकाच्या हाती द्यावी, आणि निदान आपण चिठ्ठी पाठवून मागितलेले गाणे चालू असताना तरी गप्प बसावे.