आमच्या गुऱ्हाळात इंजिन आले तेव्हा

वाचकहो, तुमच्यापैकी किती जणांनी बैलांचा चरक पाहिला असेल, कोण जाणे. मी त्या बैलांच्या मागे चाबूक घेऊन गोल गोल फिरलो आहे. आमचे गाव कोल्हापूरपासून बैलगाडीने रात्रभराच्या वाटेवर. दिवाळी झाली की रानात गुऱ्हाळ लागायचे. पहाटे बैल जुंपायचे, रस बारीक धारेने मांदणात पडायचा, आणि मांदण पुन्हा भरेपर्यंत इकडे पहिली काहील उतरायला आलेली असायची. कोणी घड्याळ पाहत नसे. बैलांची चाल आणि चुलवाणाचा जाळ यांचा मेळ बसलेला होता, हे आम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हते.

१९७४ साली वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढून डिझेल इंजिन आणि त्यावर चालणारा मोठा चरक आणला. नारळ फोडला, इंजिनाला कुंकू लावले. दिवसभराचा ऊस दुपारच्या आत पिळून झाला! रस जास्त निघू लागला. बैलांना विसावा मिळाला आणि मला शाळा मिळाली. हे सारे चांगलेच झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग बिघडले कुठे, असे तुम्ही विचाराल. अहो, चरक बदलला, पण काहील तीच, चुलवाणही तेच. एक काहील आटून उतरायला अडीच-तीन तास लागतात. इंजिन कितीही ओरडले तरी ते कमी होत नाहीत. मांदण भरले, मग पिंपे भरली, संध्याकाळी उरलेला रस तसाच राहिला. पहाटे तो काहिलीत ओतला. त्या दिवशी वाफ्यात गूळ घट्टच होईना. रवे निघाले ते काळपट, चिकट, बसके. सौद्यात दर पार खाली आला. आणि आईच्या मागे नवेच काम लागले. एकदम पडलेला चिपाडांचा ढीग उन्हात पसरायचा, उलटायचा, दिवस मावळायच्या आत गोळा करायचा. इंजिनाचे कौतुक करताना हे कोणी मोजले नव्हते.

वडिलांनी ठपका ठेवला गुळव्यावर. वीस वर्षे आमच्याकडे गूळ करणारा माणूस. आम्ही मुले त्यांना मामा म्हणायचो. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत वळायची आणि काहील उतरवायला सांगायचे, अशी त्यांची रीत. चार माणसांत वडील म्हणाले, "गड्या, तुझा हात गेला आता." मामा काही बोलले नाहीत. पटका झटकून डोक्याला गुंडाळला आणि वाट धरली.

नवा गुळव्या आला. त्याचाही सकाळचा पहिला गूळ तसाच चिकट; दुपारचा मात्र पिवळाधमक. हे आईने हेरले. तिने पिंपात वाकून वास घेतला आणि म्हणाली, "रस शिळा हाय. माणसाचा काय दोष त्यात?" रस ठेवला की त्यात जंतू वाढतात, साखर फुटते आणि फुटलेल्या साखरेचा कण धरत नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचले.

दुसऱ्या दिवशी वडील पायी मामांच्या गावी गेले. तिथे काय बोलणे झाले, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितले नाही. परतताना मामा बरोबर होते. त्यांची अट एकच होती : काहिलीजवळून हाक आल्याशिवाय इंजिनाचा दांडा फिरवायचा नाही. पुढच्या हंगामात वडिलांनी दुसरे चुलवाण बांधले, दुसरी काहील बसवली.

काही वर्षांनी मी तापमापक आणला. मामांनी गोळी वळून "उतरा" म्हटले तेव्हा पारा ११८ अंशांवर होता. मी आनंदाने त्यांना आकडा दाखवला. त्यांनी काच उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "ह्याला भाकरी किती लागती?"