गळाची काठी

शुभवर्तमानांत जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. गळाचा मात्र एकदाच. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात मंदिराचा कर भरण्याचा प्रश्न निघतो, तेव्हा प्रभू येशू पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकायला सांगतो. पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे मिळेल, असेही सांगतो. उत्तनच्या आमच्या घरात हा उतारा वाचला जाई तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर मिस्कील भाव उमटे. गळ म्हणजे त्यांच्या लेखी पोरांचा खेळ. धंदा तो डोलीचा. भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून रोवलेले जाळे, आणि त्यात बोंबील नि जवळा. जाळेवाल्याच्या हाती गळ देऊन प्रभूने पेत्राची थोडी थट्टाच केली असावी, असे माझी आजी म्हणे.

माझ्या थोरल्या बंधूंच्या हाती हा गळ आला तो थट्टेने नव्हे. ते गेली पस्तीस वर्षे अमेरिकेत, ओहायो राज्यातील क्लीव्हलँडजवळ राहतात. 2023च्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय सावरला. उजवा हात मात्र परका झाला. मूठ वळते, पण पकड टिकत नाही आणि बोटांना स्पर्श कळत नाही. पुतण्याची एक लहान नाव आहे. त्याने प्रेमानेच सुचविले की काठ्या नावेच्या कडेच्या खोबणीत लावू, पप्पांनी नुसते बसायचे. दादा एवढेच म्हणाला, “नावेवर पाहुणा नेत नाहीत.” मी तेव्हा तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो होतो. त्या वाक्यानंतर घरात जेवताना कोणी बोलले नाही.

ते सरोवर म्हणजे ईरी. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत सर्वांत उथळ. सरासरी खोली अवघी 19 मीटर. 1960च्या दशकात लोक त्याला मेलेले सरोवर म्हणत. सांडपाणी आणि साबणातील फॉस्फरस यांनी शेवाळ माजले होते. 1969च्या जूनमध्ये क्लीव्हलँडला सरोवरास मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलाच्या थराने पेट घेतला. 1970 मध्ये माशांत पारा सापडून पश्चिम भागातील वॉलाय माशाच्या मासेमारीवर बंदी आली. 1972 साली अमेरिका आणि कॅनडा यांनी पाणी स्वच्छ राखण्याचा करार केला आणि वॉलाय परतला. त्याच्या डोळ्यांत मांजरासारखी चमक असते. गढूळ पाण्यात आणि काळोखात त्याला चांगले दिसते. म्हणून उन्हाळ्यात लोक नावेतून त्याच्या मागे जातात आणि कार्तिकाच्या थंडीत तोच रात्री किनाऱ्यालगत येतो, तेव्हा धक्क्यावरून आणि खडकांवरून त्याला गाठतात.

दोन्ही वेळी आमिष एकच : क्रँकबेट. लाकडाचा वा प्लॅस्टिकचा खोटा मासा. हनुवटीशी एक पारदर्शक ओठ, पोटाखाली तीनतोंडी आकडे. ओढला की ओठावर पाणी आदळते, मासा खाली बुडतो आणि जखमी झाल्यासारखा थरथरत पोहतो. फिनलंडच्या लाउरी रापाला या गरीब मच्छीमाराने 1936 साली असा एक मासा कोरला. बूच, चॉकलेटवरची चांदी आणि वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा लेप, एवढे त्याचे भांडवल. पाय्यान्ने सरोवरात आकड्यांची लांब दोरी सोडून तो पोट भरत असे, आणि आजारी माशावर मोठे मासे झडप घालतात हे त्याने वल्ही मारता मारता पाहिले होते. आजच्या या शौकाचा एक पूर्वज पोटासाठी राबणारा कोळी होता, हे मी दादाला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

प्रश्न काठीचा होता. नावेमागे आमिष ओढत नेणे, म्हणजे ट्रोलिंग, यासाठी साधारण साडेआठ फुटांची काठी घेतात. ती खोबणीत उभी राहते आणि नाव ताशी दीड-दोन मैलांनी चालते. रिळावर किती फूट तंगूस सुटली याचा आकडा दिसतो. त्यावरून आमिष किती खोल गेले ते ठरते. काठावरून फेकायला एवढी लांब, जड काठी एका हाताला पेलत नाही. शिवाय फेकताना हाताला आमिषाची थरथर कळली पाहिजे. ती थांबली की समजावे, पाणवनस्पती अडकली.

दुकानात पुतण्याचा कल ग्राफाइटकडे होता. ग्राफाइट हलके, ताठ आणि बोलके. पण माझे मत निराळे पडले. तीनतोंडी बारीक आकडे माशाच्या तोंडात वरवरच बसतात. ताठ काठीने हिसका दिला की फाटून निघतात. काचतंतूंची काठी मध्यापर्यंत वाकते, माशाचा झटका गिळते आणि आकडा आपल्या आपण रुतू देते. हिसका द्यावाच लागत नाही. सावकाश गुंडाळत राहावे. ज्याच्या एका हाताचा भरवसा नाही, त्याला ही काठी सांभाळून घेते. निव्वळ काचतंतूंची मात्र जड आणि थोडी मुकी. शेवटी दोन्हींच्या मिश्रणाची, साडेसात फुटांची, मध्यम ताकदीची काठी आम्ही बाजूला काढली. मुठीच्या वर आमिषाचे वजन छापले होते : पाव ते पाऊण औंस. दादाने ती डाव्या हातात घेतली, टोक पुतण्याला धरायला लावले आणि ओढून पाहिले. कमान कुठे सुरू होते ते तो बराच वेळ बघत होता. डोलीचा दोर तो असाच पारखत असे.

काठी एक आणि रिळे दोन : नावेसाठी आकडे दाखवणारे, फेकण्यासाठी साधे. अशा रिळांची मूठ बहुधा उजवीकडे असते आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याला मग काठी डावीकडे घ्यावी लागते. दादा आता डाव्यानेच फेकणार. त्यामुळे हात बदलण्याचा प्रश्न मिटला. फिरवण्याचे काम दुबळ्या उजव्याकडे गेले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना ते पसंत पडले. रीळ मुद्दाम कमी वेगाचे घेतले. मोठ्या ओठाचे आमिष पाण्यात फार ओढते, आणि अशा रिळावर ते हलके जाते. पुतण्याने मुठीवर जाड रबर चढवले, म्हणजे बोटे घसरू नयेत.

नोव्हेंबरात आम्ही धक्क्यावर गेलो. पहिल्या रात्री दादाच्या आठ-दहा फेकी पायाशीच पडल्या आणि एकदा तंगुशीचा असा गुंता झाला की तो सोडवण्यात अर्धा तास गेला. पुतण्या पुढे झाला तेव्हा दादाने त्याला थांबवले आणि दातांनी गाठ सोडवली. चौथ्या रात्री मासा लागला. काठी मध्यापर्यंत वाकली. दादाचा उजवा हात दोनदा सुटला, दोनदा त्याने तो स्वतः परत मुठीवर ठेवला. आम्ही दोघे हात मागे बांधून उभे होतो. ओहायोत 15 इंचांखालचा वॉलाय सोडून द्यावा लागतो. हा 19 भरला. वहिनींनी त्याचे चिंच घालून कालवण केले. गोड्या पाण्याच्या माशाला चव नसते हे त्यांचे मत अजून कायम आहे.